स्त्रीची कामेच्छा आणि नैसर्गिक उपाय : एक आढावा

शरीरसंबंधाची इच्छाच होत नाही, ही तक्रार घेऊन आपल्याकडे फार थोड्या स्त्रिया डॉक्टरांकडे जातात. गेल्या तरी आधी पाठदुखी, झोप, चिडचिड यांबद्दल बोलून होतं आणि खरी गोष्ट उठता उठता निघते. त्याआधी बऱ्याच जणींनी शतावरीची पावडर, अश्वगंधाच्या गोळ्या किंवा ऑनलाइन मागवलेलं एखादं ‘फक्त स्त्रियांसाठी’ मिश्रण घेऊन पाहिलेलं असतं. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही’ एवढाच त्यामागचा विचार असतो. या उपायांविषयी आज नेमकं काय माहीत आहे, कशावर मतभेद आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटायचे आहेत, हे क्रमाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

इच्छा कशी समजली गेली

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ साली मानवी लैंगिक प्रतिसादाचे चार टप्पे मांडले : उत्तेजना, पठार, परमोच्च बिंदू आणि शरीर पूर्ववत होणं. त्यात इच्छा हा वेगळा टप्पा नव्हता. सत्तरच्या दशकात हेलन सिंगर कॅप्लन यांनी तो आणला. आधी इच्छा, मग उत्तेजना, मग तृप्ती अशी सरळ रेषा त्यातून तयार झाली आणि उपचारांचा विचार बराच काळ याच रेषेने झाला.

कॅनडातल्या रोझमेरी बॅसन यांनी २००० साली या रेषेलाच हरकत घेतली. दीर्घकाळच्या नात्यात पुष्कळ स्त्रियांना आधी इच्छा होतेच असं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जवळीक, विश्वास, स्पर्श यांतून शरीर प्रतिसाद देऊ लागतं आणि इच्छा त्यानंतर जागी होते. हे मान्य केलं, तर ‘मला आपणहून इच्छा होत नाही’ म्हणणारी प्रत्येक स्त्री आजारी ठरत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानसूचीत स्त्रियांमधली इच्छेची आणि उत्तेजनेची तक्रार एकाच नावाखाली आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. म्हणजे आजाराची व्याख्या हाही वादाचाच विषय आहे. एक अट मात्र सर्वांना मान्य आहे : कमी झालेल्या इच्छेचा त्रास त्या स्त्रीला स्वतःला व्हायला हवा. नवऱ्याची नाराजी हे निदान होऊ शकत नाही.

किती जणींचा हा प्रश्न

१९९९ साली अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात १८ ते ५९ वयाच्या ४३ टक्के स्त्रियांना कुठली ना कुठली लैंगिक अडचण असल्याचं म्हटलं गेलं. हा आकडा जगभर फिरला. पुढे २००८ साली तीस हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत अडचणींचं प्रमाण पुन्हा ४३ टक्क्यांच्या आसपास आलं, पण अडचणही आहे आणि तिचा मनस्तापही आहे अशा स्त्रिया १२ टक्केच निघाल्या. इच्छा कमी असल्याचं सुमारे ३९ टक्क्यांनी सांगितलं होतं. तिचा त्रास होतो म्हणणाऱ्या दहा टक्के होत्या.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधला २००९ सालचा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या १४९ विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना प्रश्नावलीच्या गुणांनुसार लैंगिक अडचण असल्याचं त्यात दिसलं. या स्त्रिया दवाखान्यात आलेल्या होत्या, त्यामुळे हे प्रमाण संपूर्ण समाजाला लावता येत नाही. शिवाय ही प्रश्नावली एकोणीस प्रश्नांची आणि पाश्चात्त्य स्त्रियांवर बेतलेली आहे. कमी गुण पडले म्हणजे त्रास आहे, असं तिच्यावरून सिद्ध होत नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक चाचण्या हीच प्रश्नावली वापरतात, म्हणून ही मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी.

आपली परंपरा काय सांगते

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय या विषयाला दिलेला आहे. त्यातल्या योगांचा रोख मात्र पुरुषावर आहे : त्याचं बळ, त्याचं शुक्र, त्याची संतती. त्या अध्यायात स्त्री येते ती पुरुषाची इच्छा जागवणारं श्रेष्ठ साधन म्हणून. तिची स्वतःची मावळलेली इच्छा हा तिथे प्रश्न नाही. शतावरी ही स्त्रियांची वनस्पती मानली गेली ती मुख्यतः अंगावरचं दूध, गर्भाशयाचं आरोग्य आणि अशक्तपणा यांसाठी. बाळंतिणीला देतात ते डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडूही झीज भरून येण्यासाठी आणि दुधासाठी असतात. यांतलं काहीही कमी मोलाचं नाही. पण ‘हजारो वर्षांपासून स्त्रियांची कामेच्छा वाढवणारी’ असा जो मजकूर आज डब्यांवर छापला जातो, त्याला परंपरेचा तेवढा थेट आधार नाही.

स्त्रीच्या सुखाचा विचारच इथे झाला नाही, असंही नाही. कामसूत्रात या विषयावर आधीच्या आचार्यांचे मतभेद नोंदवलेले आहेत आणि वात्स्यायनाने स्त्रीचं सुख मान्य केलं आहे. मराठीत हा विचार सर्वांत धीटपणे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मांडला. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणाऱ्या कर्व्यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. स्त्रीला कामेच्छा असते आणि तिच्या समाधानाला पुरुषाच्या समाधानाइतकंच महत्त्व आहे, हे त्यांनी सातत्याने लिहिलं. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. ज्या भाषेत हा विषय लिहिणाऱ्याला कोर्टात उभं राहावं लागलं, त्या भाषेत एखादी बाई आजही डॉक्टरांपुढे अडखळते, यात नवल नाही.

वनस्पतींची परीक्षा

अश्वगंधा म्हणजे आपली आस्कंद. २०१५ साली भारतात ५० स्त्रियांवर तिची चाचणी झाली. रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे घेतलेल्या गटात उत्तेजना, ओलावा, परमोच्च सुख आणि समाधान यांचे गुण प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या गटापेक्षा जास्त वाढले. २०२२ साली ८० स्त्रियांवरच्या चाचणीतही निष्कर्ष अनुकूल आला. यामागचा तर्क असा की अश्वगंधा ताण कमी करते आणि ताण कमी झाला की इच्छेला वाव मिळतो. तर्क पटण्यासारखा आहे, पण दोन्ही चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या होत्या. शतावरीच्या बाबतीत कामेच्छेसाठी माणसांवरचा पुरावा याहूनही तुटपुंजा आहे.

गोखरू, म्हणजे शेताच्या बांधावर पायात रुतणारे सराटे, यावर इराण आणि ब्राझीलमध्ये काम झालं. इराणमध्ये २०१४ साली कमी इच्छेचं निदान झालेल्या ६७ स्त्रियांना चार आठवडे अर्क किंवा प्लासिबो देण्यात आला आणि अर्काच्या गटात सुधारणा जास्त दिसली. ब्राझीलमधल्या चाचण्या पाळी गेलेल्या आणि न गेलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांवर झाल्या. त्यांचाही कल अनुकूल आहे, पण प्रत्येक चाचणीत स्त्रिया जेमतेम चाळीस-साठ होत्या आणि मात्रा व अर्क वेगवेगळे होते. त्यामुळे त्यांची बेरीज करणं अवघड जातं.

मेथीच्या एका प्रमाणित अर्काची चाचणी ऑस्ट्रेलियात २० ते ४९ वयाच्या ८० स्त्रियांवर झाली. रोज ६०० मिलिग्रॅम, दोन मासिक पाळ्यांच्या काळात. इच्छा आणि उत्तेजना वाढल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालं. तो अर्क आणि आपल्या फोडणीतली किंवा लाडवातली मेथी एक नव्हे. केशराची चाचणी इराणमध्ये एका नेमक्या प्रश्नासाठी झाली : नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन या औषधाने ज्यांच्या लैंगिक जीवनावर परिणाम झाला होता, अशा स्त्रियांना रोज ३० मिलिग्रॅम केशर चार आठवडे देण्यात आलं. उत्तेजना आणि ओलावा सुधारला, वेदना कमी झाली. इच्छेत मात्र प्लासिबोपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. उत्तेजना आणि इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला या चाचणीने बळ दिलं. पेरूच्या डोंगराळ भागातल्या माका या कंदावर आणि कोरियातल्या लाल जिनसेंगवरही अशाच छोट्या चाचण्या आहेत. जिनसेंगची चाचणी अवघ्या ३२ स्त्रियांवर झाली.

या सगळ्यांत सर्वाधिक शिकवणारी कथा गिंको बिलोबाची आहे. १९९८ साली एका अभ्यासात नैराश्याच्या गोळ्यांमुळे लैंगिक अडचण आलेल्या स्त्रियांपैकी ९१ टक्क्यांना गिंकोने बरं वाटल्याचं जाहीर झालं. त्या अभ्यासात तुलनेसाठी प्लासिबोचा गटच नव्हता. प्लासिबोशी तुलना करणारे अभ्यास झाले, तेव्हा तो परिणाम टिकला नाही. २००८ साली टेक्सास विद्यापीठातल्या सिंडी मेस्टन आणि सहकाऱ्यांनी ९९ स्त्रियांवर आठ आठवडे चाचणी केली. नुसतं गिंको प्लासिबोहून सरस ठरलं नाही. लैंगिक समुपदेशनाच्या जोडीने दिलं, तेव्हा इच्छा वाढली.

या क्षेत्रात प्लासिबोचा परिणाम मोठा असतो. आर्जिनिन, जिनसेंग, गिंको आणि डॅमियाना यांच्या एका मिश्रणाच्या चाचणीत ते घेणाऱ्या सुमारे ७४ टक्के स्त्रियांचं लैंगिक समाधान वाढलं. त्याच चाचणीत नुसता प्लासिबो घेणाऱ्या ३७ टक्के स्त्रियांचंही वाढलं. याचा अर्थ स्त्रिया खोटं सांगतात असा नाही. स्वतःकडे लक्ष देणं, कुणीतरी नीट विचारपूस करणं, नवऱ्याशी या विषयावर बोलायला निमित्त मिळणं, यांतून खराच फरक पडतो. म्हणूनच प्लासिबोच्या गटाशिवाय झालेल्या चाचणीवर इथे विसंबता येत नाही.

गोळीवाचून उपाय

‘नैसर्गिक’ म्हटलं की डोळ्यांपुढे मुळी आणि चूर्ण येतं. झोप, व्यायाम, सजगता, संवाद हे उपाय त्यांच्याहून नैसर्गिक आहेत आणि त्यांच्यामागचा पुरावा निदान तितकाच भक्कम आहे. अमेरिकेतल्या १७१ तरुणींनी दोन आठवडे ठेवलेल्या नोंदींत एक तास जास्त झोप झाली की दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी लैंगिक जवळीक होण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मेस्टन यांच्याच प्रयोगशाळेत थोडा वेळ जोरकस व्यायाम केल्यावर स्त्रियांची शारीरिक उत्तेजना वाढते, असं आढळलं. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनाही त्याचा उपयोग झाला. दिल्लीत २०१० साली ४० स्त्रियांनी बारा आठवडे योगासनं केली आणि त्यांचे गुण सुधारले. पण तुलनेचा गट नसल्याने गिंकोच्या पहिल्या अभ्यासाला लागू होणारी सावधगिरी इथेही लागू होते.

व्हँकूव्हरच्या लोरी ब्रोटो गेली अनेक वर्षं सजगतेवर आधारलेले गट चालवून त्यांचा अभ्यास करत आहेत. श्वासाकडे आणि शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष आणणं, ‘मला काही होत नाही’ या विचाराला धरून न बसणं, असं त्यात शिकवलं जातं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १४८ स्त्रियांच्या चाचणीत सजगतेच्या गटात इच्छा वाढली, पण लैंगिक शिक्षण आणि आधार देणाऱ्या दुसऱ्या गटातही ती वाढली. सजगतेचं खास श्रेय किती, हा प्रश्न त्यामुळे मोकळा राहतो. माहिती आणि मोकळं बोलणं मिळालं की फायदा होतो, हे मात्र दोन्ही गटांनी दाखवलं.

कारण शोधलं का?

कुठलाही उपाय करण्याआधी कारण शोधायला हवं, यावर दोन्ही पॅथींच्या जाणत्या वैद्यांचं एकमत होईल. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे. अंगात रक्तच नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर इच्छा कमी होण्याचं कारण समोरच आहे. थायरॉइडची कमतरता, वाढलेलं प्रोलॅक्टिन, मधुमेह, नैराश्य, नैराश्यावरच्या आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या, काही जणींच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या, अंगावर पाजण्याचा काळ, ही सगळी ओळखीची कारणं आहेत.

पाळी गेल्यावर योनीत येणारा कोरडेपणा हे फार दुर्लक्षित कारण आहे. संबंध दुखत असेल, तर शरीर इच्छा नाकारतं, आणि ते योग्यच करतं. तिथे साधं वंगण किंवा डॉक्टरांनी दिलेलं स्थानिक इस्ट्रोजेन हे कुठल्याही चूर्णापेक्षा उपयोगी ठरतं. खोबरेल तेलही चालतं, पण त्याने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेमुळे वयाआधीही येऊ शकते. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढल्याचं उघड झालं. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयंही काढली गेली, तर संप्रेरकं एकदम घटतात आणि ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते. या स्त्रियांच्या लैंगिक आरोग्याबद्दल कुणी विचारल्याचं क्वचितच ऐकू येतं.

चार भूमिका

आजच्या चर्चेत चार बाजू दिसतात. पहिली आधुनिक औषधशास्त्राची : इच्छेचा अभाव हा मेंदूतल्या रसायनांशी जोडलेला विकार आहे आणि पुरुषांना जसं औषध मिळालं तसं स्त्रियांनाही मिळायला हवं. दोनदा नाकारल्यानंतर २०१५ साली अमेरिकेत फ्लिबान्सेरिन या औषधाला मंजुरी मिळाली. प्लासिबोच्या तुलनेत त्याचा लाभ महिन्याला समाधानकारक संबंधांत सरासरी अर्धा ते एक इतकीच वाढ, असा आहे. दुसरी बाजू आयुर्वेदाची : एका वनस्पतीचा एक अर्क सगळ्यांना देऊन केलेली चाचणी आयुर्वेदाची कसोटी होऊ शकत नाही, कारण वैद्य प्रकृती, अग्नी, ऋतू पाहून औषध ठरवतो. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण वैद्यांच्या व्यक्तिनिष्ठ उपचारांचीही तुलनात्मक चाचणी करता येते आणि ती झाल्याखेरीज या आक्षेपाचं उत्तर मिळणार नाही.

तिसरी बाजू लैंगिक समुपदेशकांची : इच्छा नात्यात घडते आणि बिघडते, म्हणून उपचार दोघांवर व्हावा. चौथी बाजू लिओनोर टायफर यांच्यासारख्या टीकाकारांची : इच्छेतल्या नेहमीच्या चढउतारांना आजार ठरवून बाजारपेठ उभी केली जाते आणि थकवा, घरकामाची असमान वाटणी, असुरक्षितता ही खरी कारणं मागे पडतात. पत्रकार रे मॉयनिहन यांनी २००३ साली याच मुद्द्यावर लिहिलेल्या लेखाने मोठी चर्चा घडवली. त्यावर रुग्णांची बाजू मांडणारे म्हणतात की ज्या बाईला खरोखर त्रास होतो, तिला ‘हे नॉर्मल आहे’ सांगून परत पाठवणं हाही अन्यायच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

सुरक्षितता आणि कायदा

अश्वगंधाने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. मेथीचा अर्क रक्तातली साखर उतरवतो. गिंको रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर धोक्याचा ठरू शकतो. याहून मोठी भीती भेसळीची आहे. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं सापडली. त्यांतली जवळजवळ निम्मी लैंगिक शक्तीच्या नावाने विकली जात होती.

भारतात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरोधी कायद्यानुसार लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. तरीही अशा जाहिराती आडवळणाने रोज दिसतात. ग्रंथोक्त आयुर्वेदिक योगांना परवान्यासाठी नव्याने परिणामकारकतेची चाचणी द्यावी लागत नाही. त्यामुळे परवाना आहे म्हणजे कामेच्छेवरचा उपयोग सिद्ध झाला, असं समजू नये.

न सुटलेले प्रश्न

काही शे स्त्रियांवर, वर्षभर चालणारी, अर्क बनवणाऱ्यांच्या पैशावर न झालेली एकही चाचणी अश्वगंधा, गोखरू किंवा मेथीबद्दल समोर नाही. यश कशात मोजायचं यावरही एकमत नाही : महिन्यातल्या संबंधांची संख्या, प्रश्नावलीचे गुण की त्या स्त्रीचा कमी झालेला मनस्ताप? मराठी बोलणाऱ्या, विशेषतः ग्रामीण स्त्रियांचा अनुभव या संशोधनात जवळजवळ नाहीच. सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं की इच्छा नसताना नवऱ्याला नाही म्हणता येतं. उरलेल्या १८ टक्क्यांमधल्या एखादीला ‘इच्छा नाही’ म्हणून औषध द्यायचं का, याचं उत्तर कुठल्याही चाचणीत मिळणार नाही.

आज काय म्हणता येईल

अश्वगंधा, गोखरू आणि मेथी यांच्याकडून थोडी आशा आहे, खात्री नाही. केशराचा उपयोग मर्यादित परिस्थितीत दिसतो. गिंको एकटं चालत नाही. झोप, व्यायाम, वेदनेवर उपचार, मोकळा संवाद आणि समुपदेशन यांचा लाभ निदान तेवढाच, आणि अपाय जवळजवळ नाही. म्हणून इच्छा कमी झाल्याचा त्रास ज्या वाचकांना होत असेल, त्यांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी, चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी आणि संबंध दुखत असेल तर ते स्पष्ट सांगावं. एखादी वनौषधी घ्यायचीच असेल, तर ती वैद्याच्या सल्ल्याने, एका वेळी एकच आणि दोन-तीन महिन्यांची मुदत ठरवून घ्यावी. आणि ज्यांना इच्छा कमी असण्याचा स्वतःला काहीच त्रास नाही, त्यांना कुठल्याही उपायाची गरज नाही.